नगरच्या निजामशहाचा किल्ला आणि कोर्लईची 'आपली भाषा'

भाषाविज्ञानाच्या तासाला 'भाषामृत्यू' ही संकल्पना शिकवताना आम्ही दरवर्षी दोन उदाहरणे देत आलो आहोत. पहिले लाटव्हियाच्या सागरकिनाऱ्यावरील लिव्होनियन भाषेचे. ही भाषा मातृभाषा म्हणून बोलणाऱ्यांपैकी अखेरच्या मानल्या गेलेल्या ग्रिझेल्डा क्रिस्टिना २०१३ साली कॅनडात, वयाच्या एकशे तिसाव्या नव्हे, एकशे तिसऱ्या वर्षी वारल्या. आणि वृत्तपत्रांनी एका भाषेच्या मृत्यूची बातमी छापली. दुसरे उदाहरण आपल्या देशातले. कोचीजवळच्या वायपिन बेटावरचे विल्यम रोझारिओ २०१० च्या ऑगस्टमध्ये गेले आणि त्यांच्याबरोबर तिथली पोर्तुगीज-आधारित संकरभाषा गेली. विद्यार्थी ही उदाहरणे वहीत उतरवून घेतात. दूरदेशीच्या भूकंपाची बातमी ऐकावी तशी ऐकतात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात. यात त्यांचा दोष नाही. उदाहरणे दूरची होती आणि आम्हीही ती दूरची म्हणूनच सांगत होतो.

वायपिनच्या भाषेचे एक भावंड महाराष्ट्रात, रायगड जिल्ह्याच्या मुरूड तालुक्यात, कोर्लई या गावी आजही नांदते आहे. एवढेच नव्हे, तर तिच्या जन्मकथेत आमच्या नगरच्या निजामशाहीचा हात आहे. ही गोष्ट नगरमध्ये राहून, नगरमध्ये शिकवून आमच्या फार उशिरा ध्यानी आली. प्रस्तुत लेख त्या उशिराची थोडीफार भरपाई आहे.

आमचे शहर २०२४ पासून अधिकृतरीत्या अहिल्यानगर झाले आहे. त्याचा इतिहास सांगताना आपण भुईकोट किल्ला, चांदबिबी, मलिक अंबर यांच्याविषयी बोलतो. समुद्र मात्र आपल्या मनात येत नाही. घाटमाथ्यावरच्या कोरड्या मुलखातल्या या राज्याला समुद्र होता आणि तो चौलला होता. चौल हे कोकणातले अतिप्राचीन बंदर. अरबस्तान आणि इराणकडचे घोडे तिथे उतरत आणि दख्खनचे कापड तिथून बाहेर जाई. १५०८ साली याच चौलच्या खाडीत इजिप्त आणि गुजरातच्या आरमारांनी पोर्तुगीजांचा पराभव केला. व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द अल्मेइदा याचा मुलगा लोरेन्सो त्या लढाईत मारला गेला. त्यानंतर तेराच वर्षांनी, १५२१ मध्ये, बुऱ्हाण निजामशहाच्या संमतीने पोर्तुगीजांनी चौलच्या खालच्या अंगाला, म्हणजे आजच्या रेवदंड्यास, आपले ठाणे उभारावयास आरंभ केला. वरचे चौल निजामशहाचे आणि खालचे चौल पोर्तुगीजांचे, अशी ही जोडवस्ती पुढे शतकभर टिकली.

हे संबंध केवळ तोफा आणि जकातीचे नव्हते. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी येत असे. राजाशी त्याचा स्नेह होता. हिंदुस्थानातील औषधी वनस्पतींवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला आणि त्यात या राजाचे उल्लेख वारंवार येतात. पोर्तुगीज लेखक निजामशहाला 'निझामालुको' म्हणत. 'निजाम-उल-मुल्क' या पदवीचे पोर्तुगीज जिभेने केलेले हे रूप आहे. शब्द एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाताना कसा झिजतो याचे याहून जवळचे उदाहरण नगरच्या विद्यार्थ्याला कोठे मिळणार?

स्नेह टिकला नाही. १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशहाने चौलला वेढा घातला. त्याच वेळी विजापूरच्या आदिलशहाने गोव्याला वेढा घातला होता. दोन्ही वेढे निष्फळ ठरले. पुढे दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाने वेगळा डाव मांडला. कुंडलिका नदी जिथे समुद्राला मिळते तिथे दक्षिणेकडून एक डोंगर सोंडेसारखा पाण्यात शिरला आहे. रेवदंडा समोरच्या काठावर, तोफेच्या माऱ्यात. या डोंगरावर किल्ला बांधला की पोर्तुगीजांच्या बंदराचे तोंड आपल्या मुठीत, असा हिशेब होता. १५९२ च्या सुमारास काम सुरू झाले. १५९४ च्या सप्टेंबरात पोर्तुगीजांनी हल्ला करून तो किल्ला जिंकला. पुढल्याच वर्षी बुऱ्हाण वारला, नगरवर मोगल आले आणि चांदबिबीचे ते प्रसिद्ध पर्व सुरू झाले. कोर्लईचा पराभव आपल्या पाठ्यपुस्तकांत एका वाक्याचाही धनी झाला नाही.

तरीही त्या पराभवातून एक भाषा टिकून राहिली. नगरच्या राजाने बांधावयास घेतलेला किल्ला पोर्तुगीजांच्या हाती पडला, म्हणून त्याच्या पायथ्याशी पोर्तुगीज सत्तेच्या आश्रयाची वस्ती वाढली. त्या वस्तीचे वंशज आज आपल्या बोलीला 'नॉ लिंग' म्हणतात. अर्थ सरळ आहे : आपली भाषा. अभ्यासक तिला कोर्लई पोर्तुगीज किंवा कोर्लई क्रिओल म्हणतात. बोलणारे हजाराच्या आतबाहेर आहेत.

ही भाषा कोणाची? लिस्बनच्या उमरावांची खासच नव्हे. चौलच्या तटाआड पोर्तुगीज शिपाई होते, त्यांच्या घरांत स्थानिक बायका होत्या, गुलाम होते, धर्मांतरित होऊन शेतीवाडी आणि चाकरी करणारे इथलेच गरीब लोक होते. मालकाची भाषा पोर्तुगीज, चाकराची मराठी. रोजच्या व्यवहारात दोहोंच्या मध्ये एक कामचलाऊ बोली तयार झाली आणि त्या घरांत जन्मलेल्या मुलांनी तीच मातृभाषा म्हणून उचलली. एम.ए.च्या अभ्यासक्रमात 'पिजिन आणि क्रिओल' या शीर्षकाखाली आपण जी प्रक्रिया जमैका-हैतीची उदाहरणे देऊन शिकवतो, ती आपल्याच कोकणात घडून गेली आहे.

आता १७४० कडे येऊ. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसई घेतली. पाठोपाठ झालेल्या तहानुसार पुढल्या वर्षी चौल आणि कोर्लई मराठ्यांच्या स्वाधीन झाले. ज्यांना जाणे शक्य होते ते पोर्तुगीज आणि त्यांच्या आप्तांची कुटुंबे गोव्याकडे गेली. कोर्लईचे कष्टकरी ख्रिस्ती मागे राहिले. सत्ता गेली, फौज गेली, मालक गेले. अशा वेळी भाषाही एखाद-दोन पिढ्यांत जावी, असा सर्वसाधारण अनुभव आहे. उत्तर कोकणात तसेच झाले. वसईपासून मुंबईपर्यंत एके काळी ऐकू येणाऱ्या पोर्तुगीज संकरबोली मावळल्या. तिथले ख्रिस्ती समाज मराठीच्याच निरनिराळ्या बोली बोलत राहिले आणि १८८७ मध्ये त्यांतील अनेकांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव धारण केले.

कोर्लईत मात्र भाषा राहिली. का राहिली, याचे उत्तर आपल्याला सुखावणारे नाही. धर्मामुळे हे लोक शेजारच्या हिंदू वस्तीपासून वेगळे. जातीमुळे ते इतर ख्रिस्ती समाजांपासूनही वेगळे. सोयरीक आपसांत, शेजार आपसांत. एका बाजूला समुद्र आणि दुसरीकडे खाडी. जेथे माणसांना मिसळू दिले जात नाही तेथे त्यांची भाषाही मिसळून नाहीशी होत नाही. भाषेच्या चिरंजीवित्वाचे आपण नेहमी गोडवे गातो; येथे ते चिरंजीवित्व जातिव्यवस्थेच्या भिंतीने राखले आहे. आम्हाला वाटते, भाषावैविध्याविषयी बोलताना ही गोष्ट दडवू नये. भिंत पडावी आणि भाषाही राहावी, अशी इच्छा करणे सोपे आहे. दोन्ही एकत्र कसे साधावे, हा खरा प्रश्न.

दुसरा आधार चर्चचा होता. माउंट कार्मेलच्या गावचर्चमध्ये पोर्तुगीज सत्ता गेल्यानंतरही दोन शतकांहून अधिक काळ प्रार्थनेत पोर्तुगीज भाषा टिकून होती. १९६० च्या दशकात, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर जगभर उपासना लोकभाषेत होऊ लागली. कोर्लईची लोकभाषा कोणती, या प्रश्नाचे उत्तर चर्चने दिले : मराठी. उपासनेच्या लोकशाहीकरणाचा एक सुंदर निर्णय असा एका लहान भाषेच्या पायाखालची पायरी काढून घेता झाला.

भाषेच्या रचनेकडे थोडे तपशिलाने पाहणे अगत्याचे आहे, कारण मराठीच्या विद्यार्थ्याला तिथे आपलाच चेहरा दिसतो. शब्दसंग्रहाचा पाया पोर्तुगीज आहे. घडण मात्र पिढीगणिक मराठीकडे झुकत गेली. पोर्तुगीजमध्ये क्रियापद कर्माच्या आधी येते, मराठीत ते वाक्याच्या शेवटी. कोर्लईच्या बोलीत वाक्यरचना पहिल्या पद्धतीकडून दुसरीकडे सरकत गेल्याचे जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकी अभ्यासकाने दाखवून दिले. त्यांचा या भाषेच्या घडणीवरचा ग्रंथ १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. पोर्तुगीज माणूस आधी 'घर' म्हणतो आणि मग ते कोणाचे ते सांगतो. कोर्लईकर आधी 'पेद्रु-सु' म्हणतो, म्हणजे 'पेद्रूचे', आणि घर मागून येते. 'सु' हा प्रत्यय मुळात पोर्तुगीज सर्वनामाचा वंशज, पण त्याने जागा घेतली आहे ती आपल्या 'चा-ची-चे'ची.

सर्वांत मनोवेधक उदाहरण क्रियापदांचे. पोर्तुगीजमध्ये क्रियापदांचे तीन वर्ग आहेत. अंत्य स्वरानुसार आ, ए आणि इ. कोर्लईच्या बोलीने हे तिन्ही वर्ग राखले आणि चौथा एक नवाच वर्ग उभा केला, उकारान्त. या वर्गात कोणती क्रियापदे येतात? मराठीतून घेतलेली. आपले 'लोटणे' तिथे 'लोटू' होऊन या चौथ्या वर्गात बसते. आलेल्या पाहुण्यासाठी घराला एक नवी खोली जोडावी, तसे हे व्याकरण आहे. ज्या भाषेला 'मोडकी पोर्तुगीज' म्हणून हिणवले गेले तिने मराठी शब्द घेताना इतकी शिस्त पाळली आहे.

'मोडकी', 'अशुद्ध', 'भेसळीची' या विशेषणांविषयी येथे दोन शब्द लिहिणे भाग आहे. शिवकाळात मराठी राज्यव्यवहारात फारसी शब्द इतके होते की राज्यव्यवहारकोशाची गरज पडली. इतिहासाचार्य राजवाड्यांनी जुन्या पत्रांतील फारसी शब्दांचे प्रमाण मोजले. तरी मराठीला कोणी मोडकी फारसी म्हटले नाही. पाव, चावी, पगार, लिलाव, बिजागरी, घमेले, पिंप, तुरुंग हे शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतले आणि विसरूनही गेलो. मोठ्या भाषेने घेतले तर ती समृद्धी आणि लहान भाषेने घेतले तर ती भेसळ, हा न्याय भाषाविज्ञानाचा नव्हे. याची जाणीव प्रथम झाली ती ह्यूगो शुखार्ट यांच्यासारख्या युरोपीय विद्वानांना आणि आपल्याकडे मोन्सेन्योर सेबास्तियांव रोदोल्फ दालगादो या गोमंतकीय पंडिताला. १९०६ मध्ये दालगादोंनी उत्तरेकडील, म्हणजे वसई-मुंबई-चौल पट्ट्यातील पोर्तुगीज बोलीवर लिहिले. कोंकणीचा कोश करणारा हा धर्मोपदेशक संकरबोलीलाही कोशकाराच्याच आदराने वागवीत होता.

येथे पुन्हा लिव्होनियन भाषेकडे जाऊ, कारण तिच्याशी तुलना केल्यावाचून कोर्लईचे वेगळेपण कळणार नाही. लिव्होनियन ही फिन्निश आणि एस्टोनियन यांच्या कुळातली. तिला वेढून असलेली लाटव्हियन पूर्णपणे वेगळ्या, भारोपीय कुळातली. रीगाच्या आखाताभोवतीच्या या लोकांवरून एका अख्ख्या प्रदेशाला 'लिव्होनिया' हे नाव पडले. पुढे ते लोक आक्रसत कुर्लंडच्या किनाऱ्यावरच्या बारा कोळीवाड्यांपुरते उरले. पण त्यांच्या वाट्याला अभ्यासक लवकर आले. १८६१ मध्ये सोग्रेन आणि वीडेमान यांचे व्याकरण व कोश, १८६३ मध्ये मत्तयकृत शुभवर्तमान, १९२३ मध्ये लिव्होनियन संघ, १९३१ पासून काही वर्षे स्वतःचे नियतकालिक, १९३८ मध्ये केट्टुनेन यांचा थोर कोश, १९३९ मध्ये माझिर्बे गावी समाजाचे सभागृह. एवढे सगळे झाले आणि मग युद्ध आले. युद्धानंतर तो किनारा सोव्हिएत सरहद्दीचा निषिद्ध पट्टा झाला. समुद्रावर जाण्यास निर्बंध आले, कोळी पांगले. गाव विखुरले की भाषेला बोलायला जागा राहत नाही. कोश होता, व्याकरण होते, शुभवर्तमान होते, पण संध्याकाळी ओट्यावर गप्पा मारणारे दोघे शेजारी नव्हते.

कोर्लईचे चित्र याच्या नेमके उलटे. इथे नियतकालिक नाही, सभागृह नाही, शाळेत पुस्तक नाही, ठरलेली लिपीही नाही. इथे आहे तो शेजार. आई मुलाला हाक मारते ती याच भाषेत. एका भाषेपाशी ग्रंथ होते आणि घर गेले. दुसरीपाशी घर आहे आणि ग्रंथ नाहीत. आमच्यासारख्या पुस्तकांवर जगणाऱ्या माणसांना ही तुलना काहीशी अपमानास्पद वाटते, पण ती खरी आहे. मात्र ग्रंथ अगदीच वाया जातात असेही नाही. लाटव्हियात २०१८ मध्ये विद्यापीठाच्या आश्रयाने लिव्होनियन संस्था स्थापन झाली, २०२३ हे वर्ष लिव्होनियन वारशाचे वर्ष म्हणून साजरे झाले आणि आज त्या भाषेत कविता लिहिणारे लोक आहेत. हे शक्य झाले ते दीडशे वर्षांपूर्वी कोणीतरी शब्द उतरवून ठेवले होते म्हणून. कोर्लईचे घर उद्या मोडले तर परतायला काय उरेल?

आणि घराच्या भिंती हलू लागल्या आहेत. १९८० च्या दशकात कुंडलिकेवर रेवदंडा-साळाव पूल झाला आणि खाडीचे अंतर मिटले. शाळा मराठी. बाजार, कचेरी, दवाखाना, एस.टी. सारे मराठी. नोकरीसाठी मुंबई. यांतली एकही गोष्ट वाईट नाही. कोर्लईच्या मुलांनी शिकू नये, पुलावरून जाऊ नये असे म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे? पण यातून एक प्रश्न निघतो आणि तो सरळ आमच्या टेबलावर येऊन पडतो.

आम्ही मराठीचे प्राध्यापक. गेली वीस-पंचवीस वर्षे आमच्या बहुतेक चर्चासत्रांचा विषय एकच : इंग्रजीच्या आक्रमणापुढे मराठीचे काय होणार? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला तेव्हा आम्हीही पेढे वाटले. परंतु कोर्लईच्या चौकात उभे राहून पाहिले तर मराठी ही सोसणारी भाषा नाही, तीच तेथली इंग्रजी आहे. लिव्होनियनसमोर लाटव्हियन उभी होती, तशी नॉ लिंगसमोर आपण उभे आहोत. कोणी कट केलेला नाही, कोणी बंदी घातलेली नाही. नुसते मोठे असणे पुरे होते. इंग्रजी माध्यमाच्या शाळेतून आलेल्या मुलाने घरी मराठी बोलण्यास संकोच केला की आपले मन दुखते. ते दुःख खरे असेल तर कोर्लईच्या आईचे दुःखही आपल्याला समजले पाहिजे.

नगरकरांना ही गोष्ट दुसऱ्या बाजूने ठाऊक आहे. १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' नगरला सुरू झाला. रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई याच परिसरात वावरले. येथील ख्रिस्ती समाजाला मराठी छापखाना, मराठी वृत्तपत्र, मराठी पद्यरचना लाभली आणि त्यातून 'स्मृतिचित्रे'सारखा ग्रंथ मराठीला मिळाला. त्याही आधी, १६१६ मध्ये, फादर स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' गोव्यातील राशोल येथे छापले गेले. धर्मोपदेशकांनी ज्या बोलीला हात लावला तिचे वाङ्मय झाले. कोर्लईच्या बोलीला तो हात लाभला नाही. तिच्या वाट्याला आले ते प्रार्थनेपुरते प्रतिष्ठित पोर्तुगीज आणि शाळेपुरते प्रतिष्ठित मराठी. या दोहोंच्या मध्ये ती स्वयंपाकघरात राहिली.

मग करावे काय? मोठे उपाय सुचविण्याची आमची पात्रता नाही. १९७१ पासून जनगणनेत दहा हजारांहून कमी भाषकांच्या भाषा स्वतंत्रपणे दाखवल्या जात नाहीत. त्यामुळे सरकारी कागदावर ही भाषा जवळजवळ अदृश्य आहे. तो नियम बदलावा, ही मागणी निदान मराठीच्या अभ्यासकांनी आपल्या मागण्यांत जोडावी. विद्यापीठीय अभ्यासक्रमात बोलीविज्ञानाच्या घटकात कोर्लईला एक तास मिळावा. कोर्लईच्या शाळेत मराठीच्या पुस्तकाशेजारी गावाच्या गोष्टींचे, देवनागरीत छापलेले एखादे पातळ पुस्तक असण्यास हरकत नसावी. हे सारे गावकऱ्यांना हवे असेल तरच. बाहेरून येऊन ध्वनिमुद्रण करून निघून जाणाऱ्या पाहुण्यांचा अनुभव लहान भाषांच्या लोकांना पुष्कळ असतो.

आमच्यापुरते आम्ही एक ठरवले आहे. भाषामृत्यूचा घटक शिकवताना लाटव्हिया आणि वायपिन यांच्या आधी कोर्लई सांगायची आणि ती मृत्यूच्या नव्हे, जन्माच्या कथेपासून सांगायची : नगरच्या एका राजाने समुद्राच्या तोंडाशी किल्ला बांधावयास घेतला आणि तो हरला, येथपासून. विद्यार्थी विचारतील, त्या भाषेचे नाव काय? आम्ही सांगू, 'आपली भाषा'. कोणाची, हा पुढचा प्रश्न त्यांनी विचारला तर तो तास सार्थकी लागला असे आम्ही समजू.